माऊसला हात न लावणारी मुलगी

लिहायला बसण्याआधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात, नाहीतर शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर. आठवणी मोठ्या माणसांनी लिहायच्या असतात असं मी धरून चाललो होतो, आणि ही आठवण तर वर्षाचीसुद्धा झालेली नाही. शिवाय तीत माझी शोभा होईल असं काही नाही. चुकलेल्या माणसानं चुकीबद्दल बोलावं की गप्प राहावं, हेही मला नीट ठरवता येत नाही. तरी लिहितो. कारण ज्या कागदावर हे लिहायला हवं होतं, त्या कागदावर त्याला जागा नव्हती.

आमचं गाव सावद्याजवळ. वडील केळीच्या गाड्या भरायला जातात. मी जळगावला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा आमच्या सरांनी एका संस्थेचं काम आणलं. संस्थेनं धुळे जिल्ह्यातल्या काही शाळांना कॉम्प्युटर दिले होते. एका कॉम्प्युटरपुढे चार मुलं बसवायची, मग ती एकमेकांशी बोलत बोलत शिकतात, असा त्यांचा विचार होता. ते बोलणं ऐकून, लिहून आणणारं कुणीतरी हवं होतं. सरांनी माझं नाव दिलं. मला फार मोठं काहीतरी मिळाल्यासारखं झालं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पोरं बोलतेत ते आयकाले तुले कॉलेजात घातलं का रे?"

मी हसलो.

शाळा साक्रीच्या बाजूला, पांझरेच्या काठी. धुळ्यात एका मित्राच्या खोलीवर राहायचं, सकाळच्या एस.टी.नं शाळेत जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. असे दहा दिवस. पहिल्याच दिवशी तिथल्या बाईंनी मला चहा दिला आणि काय पणाला लागलंय ते सांगून टाकलं. शाळा सातवीपर्यंतच होती. संस्थेचं धुळ्यात वसतिगृह होतं आणि या शाळेतल्या चार मुलांना आठवीपासून तिथं जागा मिळणार होती. कोणती चार, ते माझ्या कागदांवरून ठरणार होतं.

बाईंनी खिडकीतून एका मुलीकडे बोट केलं. सातवीतली, काटक, मनगटात मोठ्या माणसाचं घड्याळ. पट्टा तिला ढिला होऊ नये म्हणून त्याला खिळ्यानं आणखी एक भोक पाडलेलं.

"तिचं व्हायला हवं बघा," बाई म्हणाल्या. "जागा मिळाली तर शिकेल. नाहीतर जूनमध्ये मामाकडे सुरतेला. मामीला जुळी झालीत, ती सांभाळायला. आईनं मला तसं स्पष्टच सांगितलंय." मग लगेच ओशाळून म्हणाल्या, "पण मी सांगते म्हणून गुण देऊ नका हो. जे दिसेल ते लिहा."

मी अगदी तसंच केलं. जे दिसलं ते लिहिलं.

कागद छापील होता. प्रत्येक मुलापुढे चार रकाने. माऊस आणि कीबोर्ड वापरला का. धड्याविषयी बोलला का. उत्तर सांगितलं का. आणि शेवटचा रकाना, इतर बोलणं आणि गोंधळ. दर दोन मिनिटांनी मान वर करायची, बघायचं, खूण करायची. मध्ये मोबाइल ठेवून बोलणं रेकॉर्डही करायचं.

पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग एस.टी.त कानाला लावून ऐकलं आणि मी चाट पडलो. आमच्या पुस्तकात गटाने शिकणाऱ्या मुलांचं जे वर्णन होतं त्यात मुलं म्हणतात, चला, आपण मिळून करूया. इथं बाजार भरला होता. शब्द मला सगळे कळत होते. आमच्याकडची बोली वेगळी असली तरी अहिराणी काही मला परकी नाही. पण एवढी लहान मुलं एकमेकांशी असं बोलतात?

घड्याळवालीच्या गटात चौघं. एक तेल लावून चप्प भांग पाडलेला मुलगा, त्याचा हात सदा माऊसकडे धावायचा. एक चष्मेवाला, वयानं लहान, अडखळत वाचणारा. एक मुलगी, जी ओढणीचं टोक चावत सगळ्यांच्या मागे बसायची. आणि ही. ती बसायचीच नाही. तिघांच्या मागे उभी.

"हात काढ. तुनं व्हई गयं."

"आखो एक डाव! एकच!"

"एक नही ने अर्धा नही. ऊठ."

"वं माय, तुना बापना कॉम्प्युटर शे का?" भांगवाला म्हणाला.

"मना बापना नही, तुना बापना बी नही. म्हनीसनच ऊठ."

तो उठला. चष्मेवाला बसला. त्यानं पान पुढे सरकवायला माऊस धरला तशी ही पुन्हा, "थांब. कोनले समजनं नही?"

सगळे गप्प.

"बोला ना. मुका शेतस का बठ्ठा?"

"माले समजनं नही," चष्मेवाला हळूच म्हणाला.

"याले कधीच समजस नही!" भांगवाला ओरडला.

"तं मंग तू समजाड. तोपावत पुढे जावानं नही."

"तू काय मास्तरीन शे का? सोता म्हैस मायक उभी शे, आनि आम्हले सांगी राहिनी!"

सगळी हसली, तीसुद्धा हसली. मी तिच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात खूण केली. गोंधळ.

असं रोज. धडा कसलाही असो, अपूर्णांक असो की झाडाच्या पानाची रचना, ती धड्याबद्दल एक शब्द बोलायची नाही. हात काढ. ऊठ. त्याले दखाड. तुना डोया कठे शेतस? कोनले समजनं नही? तिच्यापायी तो गट सगळ्यांत शेवटी संपवायचा. शेजारच्या कॉम्प्युटरवर एक हुशार मुलगा पूर्ण तासभर माऊस धरून बसायचा, बाकी तिघं "हा, हा, तेच" म्हणायचे, आणि त्यांचा धडा झटक्यात पार. त्या गटाला मी भराभर खुणा देत होतो. इकडे घड्याळवालीपुढे तीन रकान्यांत शून्य, शून्य, शून्य आणि चौथ्यात खुणांची रांग.

मला वाईट वाटत होतं, हे खरं सांगतो. बाईंचं बोलणं डोक्यात होतं. पाचव्या-सहाव्या दिवशी मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "तू का करत नाहीस कधी?"

तिनं घड्याळाकडे पाहिलं. "मनी बारी शेवट शे, भाऊ."

बारी म्हणजे पाळी, एवढं मला कळत होतं. पण तिची पाळी यायच्या आत घंटा व्हायची. त्या दिवशीही झाली. तिनं हातानंच तिघांना बाहेर काढलं आणि शेवटी आपण गेली. मी शेऱ्याच्या जागी लिहिलं, "विद्यार्थिनी काम टाळते. इतरांवर हुकूम चालवते."

हे वाक्य माझ्या अक्षरात आहे.

दहाव्या दिवशी दुपारी बाईंच्या टेबलावर सगळे कागद ओळीनं मांडून मी त्यांचे फोटो काढले आणि संस्थेला पाठवून दिले. काम संपलं. गाडीला दोन तास होते. म्हटलं, नदी तरी पाहून यावी. शाळेमागून पाटाच्या कडेनं चालत निघालो.

दिवस थंडीचे. गहू पोटरीत आला होता. पुढे बांधावर पाच-सहा जण बसलेले दिसले, चांगले शेतकरी, पांढऱ्या टोप्या घातलेले. त्यांच्यासमोर पाटातून वावरात पाणी चाललं होतं आणि एकटा एक म्हातारा, धोतर गुडघ्यावर खोचून, फावड्यानं बारं, म्हणजे वावरात पाणी सोडायचं तोंड, फोडत होता, बुजवत होता. बाकीच्यांचे हात मांडीवर. मला ते विचित्र वाटलं. आमच्याकडे केळीला पाणी भरायचं तर ज्याचं शेत तो आधी धावतो. इथं एवढे धडधाकट लोक बसून आहेत आणि म्हातारा राबतोय.

मी रामराम केला. म्हातारे थांबले. "शाळामा येतस तेच ना तुम्ही? बठा."

"नाना," मी म्हणालो, "ही वावरं कुणाची?"

त्यांनी फावड्यानं बांधावरच्यांकडे दाखवलं. "यासनी."

"मग हे का नाही पाणी भरत?"

बांधावरचे सगळे हसले. माझं काहीतरी चुकलं होतं. नाना सावकाश म्हणाले, "आमना आठे ज्यानं वावर शे त्यानी पानीले हात लावाना नही."

"का?"

"तो हात लावी तं सोताना वावरले जास्ती सोडी. मानूसच शे ना भो." आणि परत पाण्याकडे वळले. मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे. त्यांना फड म्हणतात. सगळ्या गावासाठी पाणी देणारा माणूस एकच, तो पाटकरी. त्यानं पहायचं, कुणाचं भिजलं, कुणाचं कोरडं राहिलं. टोकाच्या वावरात पाणी पोचलं नाही तोवर पुढे जायचं नाही. नानांच्या बापानं हेच केलं होतं, आजोबानं हेच.

"आणि तुमचं वावर?"

"मनी बारी शेवट," नाना म्हणाले.

मला वाटलं कुणीतरी मागून पाठीत थाप मारली. मी उगीचच विचारलं, "किती वाजले असतील, नाना?"

त्यांनी सावलीकडे पाहिलं. "पाचले कमी शेतस. घड्याळ नातना हातमा शे. शाळामा लई जास ती."

मी तिथंच बांधावर बसलो. दहा दिवस माझ्यासमोर ती काम करत होती, आणि तेच काम मी गोंधळाच्या रकान्यात टाकत होतो. तिनं माऊसला हात लावला नव्हता, कारण ज्यानं सगळ्यांना वाटून द्यायचं, त्यानं आधी आपला हात मध्ये घालायचा नसतो. हे त्या बांधावरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. कॉलेजातून आलेल्या मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात भांगवाला म्हैस हाकत पाटावरून आला. मला पाहून थांबला.

"सर, तुम्हीन तिले शून्य देयेल शे ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही चहा पेवाले गयात तव्हय आम्ही कागद देखा. पहिलेच दिन."

पहिल्याच दिवशी. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी ती मागेच उभी राहिली, आणि दहाही दिवस.

"ती काय म्हणाली?"

त्यानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "मी बोलनू, आते तरी माऊस धर. ती बोलनी, लिखू दे. नवा शे. शिकी जाई."

बांधावरचे कुणी हसले नाहीत.

धुळ्याच्या गाडीत मी पहिल्या दिवसापासूनचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. या वेळी फक्त तिचा आवाज धरून ऐकलं. पहिल्या दिवशी "माले समजनं नही" असं कुजबुजणारा चष्मेवाला आठव्या दिवशी भांगवाल्याला सांगत होता, "तसं नही रे, खालना आकडा मोठा व्हयना का तुकडा धाकला व्हस." ओढणी चावणारी ती मुलगी पाच दिवस एक अक्षर बोलली नव्हती. सहाव्या दिवशी घड्याळवालीचा आवाज येतो, "आते हिनी बारी. कोनी बोलानं नही." मग बराच वेळ काही नाही, नुसता कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज. भांगवाला चुळबुळतो, त्याला एक चापट बसते, ऐकू येते. आणि मग त्या मुलीचा आवाज, अगदी बारीक, उत्तर सांगणारा. बरोबर उत्तर. मी त्या मुलीला खूण दिली होती. तिच्यासाठी सगळ्यांना गप्प बसवणारीला दिली नव्हती.

एकदा चष्मेवाला चुकीचं वाचतो. ती म्हणते, "आखो वाच." तो तसंच वाचतो. "आखो वाच." तिसऱ्यांदा त्याची त्यालाच चूक सापडते. म्हणजे तिला येत होतं. सगळं येत होतं.

मला त्या गाडीत कुणाशी तरी बोलायचं होतं. शेजारी एक व्यापारी डुलकी घेत होते. त्यांना उठवून काय सांगणार?

जळगावला पोचल्यावर सरळ सरांकडे गेलो. सरांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "रकाने संस्थेचे आहेत. तू मनानं गुण वाढवलेस तर ती पाहणी राहते का? पत्र लिही. मी पाठवतो." त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मी तीन पानं लिहिली. सरांनी ती एका पानावर आणली. नाना, पाट, फड, हा सगळा मजकूर त्यांनी पेन्सिलीनं काढला. "हे कशाला? मुलीवर अन्याय झाला, परत पाहावं, एवढं पुरे."

मी म्हणालो, "चालेल सर."

ते चालेल मी का म्हणालो, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. मोठ्या माणसासमोर मान हलवायची सवय, एवढंच कारण सापडतं.

संस्थेचं उत्तर आलं. चांगलं उत्तर होतं. त्या गटातल्या चारही मुलांना धुळ्याला बोलावून पुन्हा पाहणार, पाहायला कॉलेजातली दुसरी विद्यार्थिनी असेल, मी तिथं असू नये. मला इतका आनंद झाला की मी मेसमध्ये चौघांना चहा पाजला. मग मनात आलं, बाईंना फोन करावा. सांगावं, त्या दिवशी तिला म्हणा, एकदा तरी माऊस धर. नंबर लावलाही. पण घंटी वाजण्याआधीच वाटलं, हे तर पढवून पाठवणं झालं. आणि कुणाला पढवणार मी? जिनं मला दहा दिवस शिकवलं तिला? फोन ठेवून दिला.

त्यानंतर माझी परीक्षा आली. मधूनमधून वाटायचं, आता कळेल. बाईंना विचारायची हिंमत होत नव्हती. मे सरला. जूनच्या सुरुवातीला, निकालाचा कागद घेऊन मी कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडत होतो तेव्हा बाईंचाच फोन आला.

"यादी लागली," त्या म्हणाल्या. "आपल्या गटातली तिघं निवडली, चौथा तो शेजारच्या कॉम्प्युटरवरचा हुशार मुलगा. फार चांगले गुण पडलेत तिघांना. ती ओढणी चावणारी आठवते? सगळ्यांत जास्त तिला."

"आणि घड्याळवाली?" मी विचारलं.

"तिचं नाही झालं," बाई म्हणाल्या.

बाईच सांगत राहिल्या. धुळ्याला खोली छान होती, पंखा होता. पाहायला आलेली मुलगी गोड होती, तिच्या हातात कागद तोच होता, रकाने तेच. चौघं कॉम्प्युटरपुढे गेली आणि ही मागे उभी राहिली, घड्याळ बघत. सगळ्यांना बरोबर वाटून दिलं. वेळ संपली.

"तिला कुणी सांगितलं नव्हतं का?" माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला.

"मीच सांगितलं होतं ना. गाडीत बसल्यापासून सांगत होते, एकदा तरी हात लाव गं माझे आई. हो म्हणाली होती."

"मग?"

"बाहेर आल्यावर मी विचारलंच. रागावलेच मी. तर म्हणते, 'बाई, मनी बारी उनीच नही.' पाळी आलीच नाही म्हणे."

फाटकाशी मुलांची गर्दी होती, कुणीतरी पेढे वाटत होतं. मला बाजूला व्हायला सांगत होते. बाईंचा आवाज मध्येच तुटत होता, म्हणून मी कानावर हात दाबून धरला.

"काल मामा आला होता," त्या म्हणाल्या. "आज सकाळच्या गाडीनं गेली सुरतेला. घड्याळ नानांना देऊन गेली."